आतड्यातली उसनवारी : जुलाबाचे जंतू औषधांना का जुमानत नाहीत

"ही गोळी मला आता लागू पडत नाही. फार वेळा घेतली ना, शरीराला सवय झाली." हे इतक्यांदा कानावर येतं की कुणी त्यावर शंकाही घेत नाही. अँटिबायोटिकच्या बाबतीत मात्र ते साफ चूक आहे. सवय शरीराला होत नाही. औषधाला पुरून उरतो तो जंतू. फरक शब्दांचा वाटेल, पण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सवय शरीराला होत असती, तर ज्यानं गोळ्या खाल्ल्या त्यानंच ते भोगलं असतं. जंतू मात्र एका अंगात राहत नाही. तो पाण्यातून, हातांवरून, माश्यांच्या पायांवरून दुसऱ्याकडे जातो. म्हणून जन्मात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या तान्ह्या बाळाला पहिल्याच जुलाबात असा जंतू गाठू शकतो, ज्याच्यावर तीन-चार औषधं आधीच निकामी झालेली असतात.

जुलाब हा एकच एक आजार नाही, हेही आधी सांगायला हवं. लहान मुलांचे कितीतरी जुलाब रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरस या विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. उरलेल्यांत जिवाणू येतात. रक्त आणि आव पाडणारा शिगेला, पटकीचा व्हिब्रिओ, कोंबड्यांच्या आतड्यात सुखानं नांदणारा कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, आणि ई. कोलाय या एरवी सज्जन जिवाणूच्या काही बिघडलेल्या जाती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पाच वर्षांखालची सुमारे 4 लाख 40 हजार मुलं दर वर्षी जुलाबानं दगावतात.

आता औषध चालतं कसं ते पाहू. अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूच्या चालत्या यंत्रात मारलेली पाचर. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या कामगारांना अडवतात. टेट्रासायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन प्रथिनं तयार करणाऱ्या कारखान्यात अडकतात. सिप्रोफ्लोक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवतं. जिवाणू यावर चार प्रकारे मात करू शकतो. पाचरच मोडून टाकायची, ती आत आली की पंपानं बाहेर फेकायची, ती जिथे बसते त्या फटीचा आकार बदलायचा, किंवा मुळात दारच अरुंद करून टाकायचं. यात काही नवं नाही. बहुतेक अँटिबायोटिक ही मातीतल्या सूक्ष्मजीवांनी एकमेकांशी लढताना बनवलेली रसायनं आहेत, त्यामुळे त्यांवरचे तोडगेही तितकेच जुने. गोठलेल्या जमिनीत 30,000 वर्षं पडून राहिलेल्या डीएनएमध्ये आजच्या औषधांना निष्प्रभ करणारी जनुकं सापडल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालं. माणसानं औषधं शोधली तेव्हा तोडगे जगात तयारच होते. जुलाबाच्या जंतूंपर्यंत ते पोचायचे बाकी होते, एवढंच.

हे पोचणं कसं झालं याची गोष्ट जपानमध्ये घडली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात शिकवून जाणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शिगेलाचं नावच मुळी जपानी आहे. 1897 साली तिथे आमांशाची मोठी साथ आली असताना कियोशी शिगा या तरुण डॉक्टरनं हा जंतू शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांश पुन्हा बोकाळला, तेव्हा हाताशी सल्फा औषधं होती आणि ती सढळ हातानं वापरली गेली. काही वर्षांतच शिगेलाच्या बहुतेक जाती सल्फाला दाद देईनाशा झाल्या. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी औषधं आली. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणेच चाललं होतं. लाखो-कोटी जिवाणूंत एखाद्याच्या जनुकात चुकून बदल होतो, औषधात तोच तेवढा तगतो आणि त्याची संतती वाढते. हे उत्परिवर्तन. एक औषध, एक बदल, असा हळूहळू चढायचा जिना.

पण 1950च्या दशकाच्या मध्यावर रुग्णांमध्ये असा शिगेला सापडू लागला, जो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हता. ही चार औषधं चार वेगवेगळ्या ठिकाणी वार करतात. एका औषधावरचा बदल कोटी-कोटी जिवाणूंत एखाद्यात होतो असं धरलं, तर चारही बदल एकाच जिवाणूत एकाच वेळी होण्यासाठी पृथ्वीवरचे सगळे जिवाणूही पुरणार नाहीत. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट दिसत होती. एकाच साथीत, एकाच प्रकारचा शिगेला एका रुग्णात अगदी साधा, सगळ्या औषधांना मरणारा, तर दुसऱ्यात चारही औषधं पचवणारा. आणि ज्याच्या पोटात हा चिवट शिगेला सापडे, त्याच्याच पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही तीच चार औषधं पचवण्याची ताकद आढळे.

1959 मध्ये ओचिआई आणि अकिबा या दोन जपानी संशोधकांच्या गटांनी वेगवेगळं काम करून याचं कोडं सोडवलं. त्यांनी चिवट ई. कोलाय आणि साधा शिगेला एकाच द्रवात एकत्र वाढवले. थोड्या वेळानं पाहिलं तर साधा शिगेला साधा राहिला नव्हता. चारही औषधांची ढाल त्याला ई. कोलायकडून एकगठ्ठा मिळाली होती.

ही ढाल ज्यावर लिहिलेली असते त्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाला आज आपण प्लाझ्मिड म्हणतो. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून ते वेगळं असतं. एक जिवाणू दुसऱ्याला बारीक नळीसारख्या तंतूनं जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडची नक्कल त्याला देतो. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, म्हणून याला खरं तर उसनवारीही म्हणता येणार नाही. शेजारणीनं वाटीभर साखर द्यावी आणि तिच्या डब्यातली साखर तितकीच राहावी, असा हा व्यवहार. शिवाय शिगेला आणि ई. कोलाय यांचं नातं इतकं जवळचं आहे की डीएनए पाहिलं तर शिगेला म्हणजे ई. कोलायचीच एक शाखा. आमांश करणारा म्हणून वैद्यकानं त्याला वेगळं नाव दिलं आणि ते तसंच राहिलं. भाऊबंदांत देवाणघेवाण सोपी जाते, तसंच इथेही. दूरच्या कुळातल्या जिवाणूंमध्येही ती होते, फक्त जरा कमी.

आता माणसाच्या मोठ्या आतड्याकडे पाहा. तिथे काही दशलक्ष कोटी जिवाणू दाटीवाटीनं राहतात. हे बहुतेक आपले भाडेकरू, त्रास न देणारे. जुलाब झाले म्हणून एखाद्यानं अँटिबायोटिक घेतलं आणि जुलाब विषाणूचे असले, तर ते औषध विषाणूला हातही लावत नाही. ते जाऊन पडतं या भाडेकरूंवर. त्यांतले साधे मरतात, ज्यांच्याकडे ढाल आहे ते उरतात आणि रिकामी झालेली जागा बळकावतात. दोन दिवसांनी जुलाब थांबतात. ते तसेही थांबणारच होते, पण श्रेय गोळीला मिळतं. आतड्यात मात्र आता ढालवाल्यांची वस्ती वाढलेली असते. ही माणसं आजारी नसतात, त्यांना काही जाणवतही नाही. काही महिन्यांनी पाण्यातून एखादा साधा शिगेला त्या आतड्यात उतरतो, तेव्हा त्याला चहूबाजूंनी साखरेची वाटी घेऊन उभे असलेले शेजारी भेटतात.

म्हणून या विषयावर बोलताना 'जंतू हुशार झाले' असं म्हटलेलं मला आवडत नाही. हुशारीचा इथे काही संबंध नाही. जी गोळी लागणारच नव्हती तिचा सगळा मार निरपराधांवर पडतो आणि गुन्हेगाराला पुढे त्यांचीच मदत मिळते, असा हा उलटा हिशेब आहे. परदेश प्रवासातल्या जुलाबांवर अँटिबायोटिक घेणारे प्रवासी घरी परतताना आतड्यात चिवट ई. कोलाय घेऊन येण्याची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त असते, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

जपानमधला धडा जगानं वेळेत घेतला नाही. 1969च्या सुमारास ग्वाटेमालात रक्ताच्या जुलाबांची साथ पसरली. शिगेलावरची नेहमीची औषधं दिली तरी रुग्ण सुधारेनात, म्हणून हा शिगेला नसून अमीबाचा आमांश असावा असा समज झाला आणि उपचार त्या दिशेनं गेले. प्रत्यक्षात तो शिगेलाचा सगळ्यात जहाल प्रकार होता आणि त्याच्यापाशी तीच जुनी चार औषधांची ढाल होती. ती साथ मध्य अमेरिकेत पसरली आणि हजारो माणसं दगावली. जंतूंनी औषधाला न जुमानण्याचा, म्हणजे प्रतिकाराचा, हा तोटा सहसा लक्षात येत नाही. औषध नुसतं वाया जात नाही, ते लागू न पडल्यानं निदानही चुकू शकतं.

त्यानंतर शिगेलावरचं एक-एक औषध कसं मागे पडत गेलं याची मालिका मोठी आहे. सल्फा आणि टेट्रासायक्लिननंतर अँपिसिलिन आलं, मग ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांची जोडगोळी, मग 1962 साली जाहीर झालेलं नॅलिडिक्सिक आम्ल. हे शेवटचं औषध मलेरियावरचं क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या दुय्यम पदार्थातून हाती लागलं होतं. ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमवर काम करतं. सिप्रोफ्लोक्सासिन त्याच कुळातलं, कितीतरी पट जोरदार भावंड. इथे उसनवारी नव्हे तर आधी सांगितलेला जिना दिसतो. त्या एन्झाइमच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला की नॅलिडिक्सिक आम्ल निकामी होतं, सिप्रोफ्लोक्सासिन मात्र चालत राहतं, फक्त त्याची मात्रा जरा जास्त लागते. डॉक्टरला वाटतं, सगळं ठीक आहे. पण जंतू पहिली पायरी चढून उभा असतो. दुसरा-तिसरा बदल झाला की सिप्रोफ्लोक्सासिनही गेलं. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नॅलिडिक्सिक आम्ल वापरू नका, सिप्रोफ्लोक्सासिन द्या, असं सांगितलं. 2017 मध्ये त्याच संघटनेनं सिप्रोफ्लोक्सासिनच्या कुळाला न जुमानणारा शिगेला धोकादायक जंतूंच्या यादीत घातला आणि 2024च्या यादीत त्याला आणखी वरच्या गटात नेलं.

मग राहतात अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. या दोन्हींवरच्या ढाली प्लाझ्मिडवरून फिरतात, म्हणजे पुन्हा उसनवारी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2023च्या फेब्रुवारीत सावधगिरीचा इशारा दिला. पाचही नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या शिगेलाचं प्रमाण तिथे 2015 मध्ये शून्य होतं, ते 2022 मध्ये सुमारे 5 टक्क्यांवर गेलं होतं. शिगेलाचे 10 ते 100 जिवाणू पोटात गेले तरी आजार होतो, त्यामुळे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

पटकीची गोष्ट वेगळी आहे आणि त्यात थोडा दिलासाही आहे. पटकीत मरण येतं ते शरीरातलं पाणी संपल्यानं. जोराच्या पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. जंतूचं विष आतड्याच्या पेशींना पाणी ओतायला लावतं, पण त्याच पेशींमधला एक दरवाजा मात्र शाबूत राहतो. त्यातून साखरेचा एक रेणू सोडियमचे दोन कण हाताला धरून आत नेतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जलसंजीवनीत साखर आणि मीठ नेमक्या प्रमाणात लागतात ते यामुळेच. साखर चवीसाठी नसते, ती मिठाला आत नेणारी असते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिण्यासाठी वाटलं. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जलसंजीवनी जंतूला मारतच नाही. जी गोष्ट जंतूला मारत नाही तिच्यावर ढाल तयार होण्याचा प्रश्नच येत नाही. पन्नास वर्षं उलटली तरी तिचा गुण कणभरही कमी झालेला नाही.

जोराच्या पटकीत अँटिबायोटिक दिलं तर जुलाबांचं पाणी साधारण निम्म्यावर येतं आणि आजार एक-दीड दिवस आधी आटोपतो. फायदा खरा आहे, पण तो जोडीचा. जीव वाचवतं ते पाणीच. हे विसरून अँटिबायोटिक सगळ्यांना वाटलं की काय होतं ते टांझानियानं 1970च्या दशकाच्या शेवटी पाहिलं. साथ अडवण्यासाठी टेट्रासायक्लिन मोठ्या प्रमाणावर, निरोगी लोकांनाही दिलं गेलं. पहिल्या सहा महिन्यांतच टेट्रासायक्लिनला दाद न देणारा व्हिब्रिओ वेगानं पसरला.

औषध फक्त माणसांच्या पोटात जातं असंही नाही. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीला त्रास देत नाही, माणसाला देतो. अमेरिकेत 1996 पासून कुक्कुटपालनात सिप्रोफ्लोक्सासिनच्या कुळातलं एक औषध पाण्यातून सगळ्या कळपाला द्यायला परवानगी होती. माणसांमधला कॅम्पिलोबॅक्टर त्याच कुळाला जुमानेनासा होत चालल्याचं दिसल्यावर 2005 मध्ये ती परवानगी काढून घेण्यात आली. ऑस्ट्रेलियानं खाण्याच्या जनावरांसाठी हे औषध कधी मंजूरच केलं नव्हतं आणि तिथे त्या काळात हा प्रतिकार इतर देशांच्या मानानं फारच कमी राहिला.

मग जुलाबात अँटिबायोटिक द्यायचं कधी? शौचातून रक्त पडत असेल आणि ताप असेल, पटकी जोराची असेल, रुग्ण अगदी तान्हा, फार म्हातारा किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला असेल, तर डॉक्टर ते देतात आणि द्यायलाच हवं. शिगेलाचा आमांश औषधावाचून अंगावर काढण्यासारखा आजार नाही. पाण्यासारख्या साध्या जुलाबात मात्र जलसंजीवनी, मुलांना 10 ते 14 दिवस झिंक, आणि चालू असलेलं खाणं किंवा अंगावरचं दूध बंद न करणं, एवढंच लागतं. निरोगी माणसाच्या साध्या साल्मोनेलात अँटिबायोटिकनं आजार लवकर बरा होत नाही, उलट शौचातून जंतू जास्त दिवस पडत राहू शकतो. ई. कोलायच्या एका जातीत तर औषधानं नुकसान होण्याची भीती असते. तिच्या विषाचं जनुक जिवाणूच्या आत झोपलेल्या एका विषाणूवर असतं. काही अँटिबायोटिकचा मार बसला की तो विषाणू जागा होतो, विष जास्त बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रक्ताचे जुलाब असताना घरात उरलेल्या गोळ्या शोधण्यापेक्षा शौचाची तपासणी करून घेणं महत्त्वाचं.

'गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला की जंतू चिवट होतात' हे वाक्यही जाता जाता तपासून घेऊ. ते अर्धंच खरं आहे. क्षयरोगात ते पूर्ण लागू होतं. जुलाबाच्या जंतूंत मात्र मुख्य दबाव पडतो तो भाडेकरूंवर, आणि गोळ्या जितके दिवस जास्त, तितका तो जास्त. म्हणूनच पटकीवर आता एकाच मात्रेत काम भागवणारी औषधं दिली जातात आणि शिगेलावरचे उपचारही तीन-चार दिवसांवर आलेत. डॉक्टरनं सांगितलं तेवढे दिवस घ्यायच्या, मनानं कमीही नाही आणि मनानं वाढवायच्याही नाहीत.

औषध थांबवलं तर ढाल गळून पडते का, असा प्रश्न साहजिक आहे. कधीकधी पडते. ढाल बाळगायलाही जिवाणूला खर्च येतो. येमेनमध्ये 2016 पासून पटकीची प्रचंड साथ चालू होती. सुरुवातीला तिथल्या व्हिब्रिओचं डीएनए तपासलं तेव्हा त्याच्या प्रतिकाराच्या जनुकांचा एक मोठा तुकडा गळालेला आढळला आणि बहुतेक औषधं त्याच्यावर चालत होती. पटकीच्या जंतूत ही दुर्मीळ म्हणावी अशी चांगली बातमी होती. मग गरोदर बायका आणि मुलांसाठी अझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनचा वापर वाढला. 2018 च्या अखेरीला त्याच व्हिब्रिओच्या पोटात एक नवं प्लाझ्मिड सापडलं, आणि त्यावर या दोन्ही औषधांसकट इतर अनेक औषधांवरची ढाल एकगठ्ठा लिहिलेली होती.